मोगल जनानखान्यातील महाराणी : येसूबाई

मराठ्यांच्या इतिहासात महाराणी येसूबाईंचे नाव आदराने घेतले जाते. तथापि त्यांच्या आयुष्याचा जो सर्वांत दीर्घ कालखंड, त्याविषयी इतिहासग्रंथ सहसा एका वाक्यापलीकडे जात नाहीत. १६८९ मध्ये रायगड पडला, येसूबाई बालराजे शाहूंसह मोगलांच्या कैदेत गेल्या आणि १७१९ मध्ये दिल्लीहून परत आल्या, एवढे सांगून लेखणी जिंजीच्या वेढ्याकडे, ताराबाईंच्या पराक्रमाकडे अथवा बाळाजी विश्वनाथांच्या मुत्सद्देगिरीकडे वळते. या दोन सनांच्या मध्ये जवळजवळ तीस वर्षे आहेत. रायगडावरील राणीपदाचा काळ त्या मानाने अल्प होता. येसूबाईंचे प्रौढ आयुष्य बव्हंशी परक्या बादशाही परिवाराच्या कनातीआड गेले. त्या कनातीआड स्त्रियांचा दिवस कसा उगवत असे आणि कसा मावळत असे, हे ध्यानात घेतल्यावाचून या स्त्रीचे चरित्र समजणे कठीण आहे.

येसूबाई या शृंगारपूरच्या पिलाजीराव शिर्के यांच्या कन्या. माहेरचे नाव राजाऊ. शिर्क्यांचे घराणे दाभोळ प्रांतातील जुने आणि मानी. शिवाजी महाराजांनी ते आपल्याशी दुहेरी सोयरिकीने जोडून घेतले. संभाजीराजांना शिर्क्यांची कन्या केली आणि महाराजांची कन्या राजकुंवर पिलाजीरावांचे पुत्र गणोजी यांना दिली. संभाजीराजांचे काही वास्तव्य शृंगारपूरच्या परिसरात झाले आणि त्याच काळात कन्या भवानीबाईंचा जन्म झाला. पुत्र शाहू यांचा जन्म १८ मे १६८२ रोजी माणगावनजीक गांगवली येथे झाला. संभाजीराजे छत्रपती झाल्यावर त्यांचा बहुतेक काळ स्वारीत जाई. राजधानीतील कारभाराकडे लक्ष देण्याचे काम येसूबाईंकडे असे आणि त्यासाठी त्यांच्या नावाची स्वतंत्र मुद्रा होती. राजाची सखी आणि राज्ञी अशा दोन्ही नात्यांनी त्या मुद्रेत त्यांचा निर्देश आहे. राज्याच्या कागदांवर ज्यांची मुद्रा उमटली अशा स्त्रिया त्या शतकात विरळाच.

फेब्रुवारी १६८९ च्या प्रारंभी संगमेश्वर येथे संभाजीराजे पकडले गेले आणि ११ मार्च रोजी त्यांचा वध झाला. त्यानंतरच्या काही आठवड्यांत येसूबाईंनी जो निर्णय घेतला, त्याने मराठी राज्याचा पुढील अर्धशतकाचा इतिहास घडविला. वजीर असदखानाचा पुत्र इतिकादखान याने रायगडास वेढा घातला होता. गादीचा सरळ वारस शाहू अवघा सात वर्षांचा. संभाजीराजांचे सावत्र बंधू राजाराम एकोणीस वर्षांचे. राजारामांना मंचकारोहण करवून गडाबाहेर काढावे आणि राजपरिवारातील सर्वांनी एकाच किल्ल्यावर कोंडून घेऊ नये, असा सल्ला येसूबाईंनी दिल्याचे बखरी सांगतात. ५ एप्रिल रोजी राजाराम रायगडावरून निघाले आणि प्रतापगडमार्गे पुढे थेट जिंजीस पोहोचले. स्वतः येसूबाई पुत्रासह गडावर राहिल्या. ज्याच्या हाती तलवार धरता येईल त्याने बाहेर पडावे आणि ज्याच्या नावावर वारसा आहे त्याला सांभाळून आईने मागे राहावे, अशी ही वाटणी होती. गड पडला तर तिची किंमत कोण मोजणार, हे त्यांना त्याच वेळी ठाऊक असले पाहिजे. वेढा कित्येक महिने चालला. नोव्हेंबर १६८९ मध्ये रायगड मोगलांच्या हाती गेला. इतिकादखानास या विजयाबद्दल झुल्फिकारखान ही पदवी मिळाली. येसूबाई, शाहू, शिवाजी महाराजांच्या राणी सकवारबाई आणि परिवारातील इतर स्त्री-पुरुष बादशाही तळावर रवाना झाले.

येथे एका गोष्टीचा उल्लेख केला पाहिजे. वतनाच्या प्रश्नावरून शिर्के घराणे त्याआधीच संभाजीराजांपासून दुरावून मोगलांकडे गेले होते. गणोजी शिर्के पुढे झुल्फिकारखानाच्या सैन्यातच जिंजीच्या वेढ्यावर होते. बहीण बादशहाच्या कैदेत, भाऊ बादशहाच्या चाकरीत आणि दीर बादशहाच्या वेढ्यात, अशी ही स्थिती. सासर बुडाले आणि माहेर शत्रूकडे, हे दुःख मराठी स्त्रीच्या ओव्यांना नवे नाही. पण एका राणीच्या वाट्याला ते इतक्या शब्दशः क्वचितच आले असेल.

औरंगजेबाने या कैद्यांना अंधारकोठडीत टाकले नाही. साकी मुस्तैदखानाने ‘मआसिर-इ-आलमगिरी’ या ग्रंथात नोंदविल्याप्रमाणे शाहूंना सात हजारी मनसब, राजा ही पदवी आणि नौबत-निशाणाचा मान मिळाला. त्यांचे डेरे गुलालबारात, म्हणजे खुद्द बादशहाच्या निवासाच्या तांबड्या कनातीच्या वेढ्यात लागले. मदनसिंग आदी सावत्र बंधूंनाही मनसबी देऊन आई व आजी यांच्याजवळ राहण्याची आज्ञा झाली. या औदार्यात राजकारण होते हे उघड आहे. मराठ्यांच्या गादीचा खरा वारस आपल्या हाती आहे, हे राजारामांच्या प्रत्येक सरदाराला सतत दिसत राहावे, हा त्यातील हेतू. मात्र त्यामुळे येसूबाईंचे जीवन ज्या चौकटीत बसविले गेले ती तुरुंगाची न राहता बादशाही जनान्याच्या शेजारची झाली.

मोगल जनानखान्याची व्यवस्था अकबराच्या काळात घातली गेली आणि पुढील बादशहांनी ती थोड्याफार फरकाने चालविली. ‘आईन-इ-अकबरी’त अबुल फजलाने तिचे सविस्तर वर्णन केले आहे. अकबराच्या महालात पाच हजारांहून अधिक स्त्रिया होत्या आणि प्रत्येकीस स्वतंत्र दालन होते. त्यांचे गट पाडून प्रत्येक गटावर एक स्त्री दारोगा नेमलेली असे. एक स्त्री लेखनिकाचे काम करी. सर्वांना दरमहा नेमणूक मिळे. उच्च दर्जाच्या स्त्रियांना १,०२८ ते १,६१० रुपये, तर चाकरीतील स्त्रियांना दोन रुपयांपासून पन्नास-एक्कावन्न रुपयांपर्यंत. कोणास काही वस्तू हवी असल्यास जनान्यातील तहवीलदाराकडे अर्ज करावा लागे, तो कागद वरच्या कारकुनाकडे जाई आणि मग रोकड मिळे. आत शस्त्रधारी स्त्रियांचा पहारा, देवडीबाहेर ख्वाजासरा, त्यांच्यापलीकडे रजपूत शिपाई आणि त्याही पलीकडे द्वारपाल, असे पहाऱ्याचे एकाबाहेर एक पदर असत. कवींनी जनानखाना विलासाचे स्थान म्हणून रंगविला. अबुल फजलाच्या वर्णनातून तो प्रामुख्याने एक कचेरी म्हणून समोर येतो. तेथे हजेरी होती, हिशेब होता, दर्जा होता, बढती होती आणि कागदावाचून काही हलत नव्हते.

निकोलाओ मनुची हा व्हेनिसचा प्रवासी शाहजादा शाह आलम याच्या पदरी वैद्य म्हणून होता. त्याने औरंगजेबाच्या काळातील जनान्याचे जे वर्णन केले आहे त्यातही हाच कारभारी बाज आढळतो. प्रांतोप्रांतीच्या बातमीदारांची पत्रे रात्री नऊच्या सुमारास महालातील स्त्रिया बादशहास वाचून दाखवीत. म्हणजे कोठे बंड झाले, कोणता किल्ला गेला, कोणता सरदार फिरला, ही साम्राज्याची सर्वांत गुप्त वार्ता सर्वप्रथम स्त्रियांच्या कंठातून उमटे. आजारी स्त्रीस पाहावयास वैद्य आला तर त्याचे डोके कंबरेपर्यंत वस्त्राने झाकून ख्वाजासरा त्यास आत नेई. नाडी पडद्याआडून पुढे केलेल्या हातावर पाहिली जाई. वस्त्रे, अत्तरे, तांबूल, दागिने यांची रेलचेल होती. पण कोणती वस्तू आत आली आणि कोणती बाहेर गेली, याची झडती देवडीवर होई.

दख्खनमध्ये ही सारी व्यवस्था चालत्या चाकांवर होती, हे विशेष. औरंगजेब १६८१ मध्ये दक्षिणेच्या मोहिमेवर निघाला तो पुन्हा उत्तरेस गेलाच नाही. त्यामुळे येसूबाईंनी बंदिवासाच्या पहिल्या पर्वात जो जनानखाना पाहिला तो संगमरवरी महालांचा नव्हता. तो डेऱ्यांचा, राहुट्यांचा आणि कनातींचा होता. बादशाही तळाची एक पूर्ण जोडी पुढच्या मुक्कामी आधी पाठविली जाई, म्हणजे बादशहा एका तळावरून निघे तेव्हा दुसरा तळ उभा असे. अबुल फजलाने एका तळाच्या वाहतुकीस १०० हत्ती, ५०० उंट, ४०० गाड्या आणि १०० हमाल लागत असे सांगितले आहे. शिवाय डेरे उभारणारे १,००० फर्राश, १०० पखालजी आणि १५० झाडूवाले. हे आकडे अकबरकालीन आहेत, पण प्रकार तोच. अशा फिरत्या नगरीत प्रत्येक डेऱ्याची जागा ठरलेली असे. गाव बदले, नदी बदले, पण गुलालबारातील आपला डेरा कोणाच्या उजवीकडे आणि कोणाच्या डावीकडे, हे बदलत नसे. माती रोज परकी, शेजार मात्र कायम, असा हा संसार होता.

१६९५ पासून १६९९ पर्यंत बादशहाचा मुख्य तळ भीमाकाठी ब्रह्मपुरी येथे होता. त्यास इस्लामपुरी असे नाव दिले गेले. पंढरपूर तेथून फार दूर नाही. एरवी आषाढी-कार्तिकीला ज्या वाटा टाळमृदंगाने दुमदुमत, त्याच मुलखात मराठ्यांची महाराणी बादशाही पहाऱ्यात दिवस कंठीत होती. ऑक्टोबर १६९९ मध्ये औरंगजेब किल्ले घेण्याच्या मोहिमेवर निघाला, तेव्हा बेगम उदेपुरी, शाहजादी झीनतुन्निसा आणि अधिकाऱ्यांचे कुटुंबकबिले असदखानाच्या निगराणीखाली ब्रह्मपुरीस ठेवले गेले. पुढील वर्षी खवासपूरच्या मुक्कामी माण नदीच्या पुराने तळाची दाणादाण उडवली. त्या गोंधळात खुद्द बादशहाचा पाय दुखावून त्यास कायमचे लंगडेपण आले. पूर, दुष्काळ, महामारी आणि मराठ्यांचे छापे यांनी गांजलेल्या या तळावर, धान्य महाग झाले की त्याची झळ आधी आश्रितांच्या चुलीला लागे.

येसूबाईंच्या चुलीविषयी दोन पुरावे महत्त्वाचे आहेत. पहिला दरबारी अखबारातील आहे. १७०० च्या सुमारास शाहू शिजविलेले अन्न घेत नाहीत, फळे आणि मिठाई यांवरच राहतात, अशी खबर हमीदुद्दीनखानाने बादशहास दिली. कैदेत असलेल्या हिंदूने शिजविलेले अन्न घेऊ नये, ही त्यामागील भावना होती. औरंगजेबाने उलट निरोप पाठविला की शाहू कैदेत नाहीत, आपल्या घरीच आहेत, तेव्हा त्यांनी अन्न घ्यावे. एका अठरा वर्षांच्या मुलाच्या ताटावरून बादशहाने निरोप धाडावा, हे त्या मुलाचे राजकीय मोल दर्शविते. पण त्याहून अधिक लक्षणीय आहे तो त्या संवादातील मूळ वाद : आपण कैदी की घरचे? बादशहाच्या भाषेत हे घर होते. येसूबाईंच्या परिवाराच्या आचारात ती कैद होती आणि हा भेद सांगण्याचे साधन म्हणून त्यांच्याजवळ अन्नाखेरीज दुसरे काही उरले नव्हते. सातव्या वर्षी कनातीत आलेल्या मुलास अठराव्या वर्षी हा भेद ठाऊक असणे, हे त्यास वाढविणाऱ्या स्त्रीचे कर्तृत्व होय.

दुसरा पुरावा येसूबाईंच्या पत्राचा आहे. औरंगजेबाच्या अखेरच्या वर्षांत त्यांनी चिंचवडच्या देवांना पत्र पाठवून आपल्या कर्जाची विवंचना कळविली. सात हजारी मनसब कागदोपत्री मोठी. परंतु अखेरच्या काळात मनसबदारांचे पगार वर्षानुवर्षे थकत असत. परिवार मोठा, सेवक-आश्रितांची पोटे अंगावर आणि मान राखण्यासाठी दानधर्म व सणवार चुकवून चालत नसे. सावकाराचे देणे कसे फेडावे, या प्रश्नाने जिच्या नावाची राजमुद्रा होती ती स्त्री एका देवस्थानाकडे हात पसरते, हे वाचताना बादशाही वैभवाचे चित्र निराळे दिसू लागते. त्याच पत्रावरून आणखी एक गोष्ट सिद्ध होते. पहारा कितीही कडेकोट असला तरी मराठी मुलखाशी त्यांचे संधान तुटले नव्हते. कागद बाहेर जात होते आणि माणसे ते नेत होती. जोत्याजी केसरकरांसारखे निष्ठावंत या परिवाराभोवती होते आणि पुढे शाहूंच्या सुटकेच्या खटपटीत त्यांचा उपयोग झाला.

या बंदिवासाची कथा झीनतुन्निसेवाचून सांगता येत नाही. औरंगजेबाची ही दुसरी कन्या १६४३ मध्ये जन्मली. ती अविवाहित राहिली आणि दक्षिणेत वृद्ध पित्याच्या घरचा कारभार पाहत होती. शाहूंवर तिचा लोभ जडला आणि तिने त्यांचे पालन ममतेने केले, असे मराठी व फारसी दोन्ही परंपरा सांगतात. पुढील काळातील कथांनी या ममतेला रसाळ रूप दिले. वस्तुस्थिती अधिक गुंतागुंतीची आहे. झीनतुन्निसेची थोरली बहीण झेबुन्निसा ही कवयित्री व विदुषी म्हणून प्रसिद्ध. बंडखोर शाहजादा अकबराशी तिचा पत्रव्यवहार उघडकीस आल्यावर १६८१ मध्ये औरंगजेबाने तिला दिल्लीच्या सलीमगडात कैद केले आणि १७०२ मध्ये ती तेथेच वारली. तो अकबर ज्याच्या आश्रयास आला ते संभाजीराजे होते. म्हणजे ज्या घटनेने झीनतुन्निसेचा भाऊ परागंदा झाला आणि बहीण कैदेत गेली, त्याच घटनेने बादशहास दक्षिणेत ओढून आणले आणि येसूबाईंचा संसार धुळीस मिळविला. एका तळावर राहणाऱ्या या दोन स्त्रियांची दुःखे एकाच गाठीत अडकलेली होती. आपल्या बापाच्या कैदेतील एका स्त्रीच्या मुलावर झीनतुन्निसेने माया केली, तेव्हा तिची स्वतःची बहीणही त्याच बापाच्या कैदेत होती.

या चित्राची दुसरी बाजू मारवाडात सापडते. अकबर इराणला निघून गेला तेव्हा त्याची मुले, कन्या सफियतुन्निसा आणि पुत्र बुलंद अख्तर, दुर्गादास राठोडाच्या हाती राहिली. दुर्गादासाने त्यांना वाळवंटातील दुर्गम ठिकाणी सांभाळले. १६९० नंतरच्या दशकात सफियतुन्निसा आजोबांकडे परत पाठविली गेली, तेव्हा तिला कुराणाचे शिक्षण मिळाल्याचे आणि त्यासाठी दुर्गादासाने मुसलमान शिक्षिका नेमल्याचे पाहून औरंगजेब चकित झाला. या वाटाघाटीत भाग घेतलेल्या ईश्वरदास नागर याने हा वृत्तान्त आपल्या फारसी ग्रंथात लिहून ठेवला आहे. बादशहाची नात रजपुतांच्या घरी आपला धर्म सांभाळून वाढत होती, त्याच काळात मराठ्यांचा राजा बादशहाच्या घरी आपला धर्म सांभाळून वाढत होता. दोन्हीकडे वाढविणारे हात वैऱ्याच्या गोटातील होते. मध्ययुगीन भारतातील वैराची ही रीत केवळ लढायांच्या याद्यांतून कळत नाही.

तथापि येसूबाईंना त्या मायेवर विसंबता येत नव्हते. मे १७०३ मध्ये शाहूंनी इस्लामचा स्वीकार करावा असा प्रस्ताव बादशहाने हमीदुद्दीनखानामार्फत केला. शाहूंनी नकार दिला. त्यानंतर लवकरच सरनोबत प्रतापराव गुजरांचे दोन पुत्र, खंडेराव आणि जगजीवन, यांचे धर्मांतर झाले. शाहूंवरील संकट टळावे म्हणून खंडेरावांनी ते आपल्यावर घेतले आणि झीनतुन्निसेच्या मध्यस्थीने बादशहाने ते मान्य केले, अशी परंपरागत कथा आहे. कथेचा तपशील काहीही असो. एका घराण्याच्या वारसाचा धर्म राखला गेला आणि दुसऱ्या घराण्याचे दोन पुत्र बदलले गेले, एवढे घटनाक्रमावरून स्पष्ट आहे. येसूबाईंच्या चरित्रात हा सर्वांत अवघड प्रसंग मानावा लागेल. आपला पुत्र वाचला याचे समाधान आणि तो कोणाच्या किमतीवर वाचला याची जाणीव, ही दोन्ही त्यांना एकाच डेऱ्यात घेऊन राहावयाचे होते. पुढे शाहूंनी खंडेरावांच्या वंशास इनाम देऊन त्या ऋणाची आठवण राखली.

याच सुमारास शाहूंचे विवाह सिंदखेडचे जाधव आणि कण्हेरखेडचे शिंदे या घराण्यांतील कन्यांशी बादशाही तळावर झाले. बादशहाने नववधूस पाहण्याची इच्छा दर्शविली असता तिच्याऐवजी वधूपक्षाकडून आलेली दासी विरूबाई पुढे करण्यात आली, असे बखरी सांगतात. त्या युक्तीमागे पडद्याची मराठी मर्यादा आणि बादशहाची आज्ञा या दोहोंतून वाट काढण्याची गरज होती. विरूबाईंना शाहूंच्या घरात पुढे जो मान मिळाला, १७४० मध्ये त्यांच्या निधनापर्यंत जो टिकला, त्याची मुळे या तळावरील दिवसांत आहेत.

३ मार्च १७०७ रोजी अहमदनगर येथे औरंगजेब वारला. आझमशहा सैन्य घेऊन उत्तरेकडे निघाला, त्याच्याबरोबर मराठी परिवारही. ८ मे रोजी भोपाळजवळ दोराहा येथे शाहू मोकळे झाले. त्यांना सोडल्यास मराठ्यांत दुफळी माजेल, हा झुल्फिकारखानाचा सल्ला होता आणि तो अचूक ठरला. पण शाहूंनी मोगलांशी इमान राखावे यासाठी येसूबाई, शाहूंच्या पत्नी सावित्रीबाई आणि मदनसिंग यांना ओलीस ठेवण्यात आले. अठरा वर्षे ज्या मुलास कनातीआड जपले, तो दक्षिणेकडे गेला आणि आई उत्तरेकडे नेली गेली. शाहूंना महाराष्ट्रात आपण खरे शाहू आहोत हे सिद्ध करावे लागले, कारण ताराबाईंनी त्यांस तोतया ठरविले होते. परसोजी भोसले सर्वांआधी त्यांना मिळाले आणि एका ताटात जेवून त्यांनी हा वाद संपविला, असे परंपरा सांगते. याच भोसले घराण्यातील रघूजींनी पुढे नागपूरचे राज्य उभारले आणि १७४१ मध्ये भास्करपंतांच्या स्वारीने छत्तीसगडात रतनपूरच्या हैहयांची सत्ता मोडून तो प्रदेश मराठ्यांच्या कक्षेत आणला. १२ जानेवारी १७०८ रोजी साताऱ्यास शाहूंचा राज्याभिषेक झाला. राजमाता तेव्हा तेथे नव्हत्या.

दिल्लीतील बारा वर्षे हे बंदिवासाचे दुसरे पर्व. येथे डेरे नव्हते. शहर होते, भिंती होत्या आणि दर काही वर्षांनी बदलणारा बादशहा होता. बहादूरशहा, जहांदारशहा, फर्रुखसियर अशा कारकिर्दी येसूबाईंनी ओलीस म्हणून पाहिल्या. रायगड जिंकून त्यांना कैदेत आणणारा झुल्फिकारखान वजीरपदास पोहोचला आणि १७१३ मध्ये फर्रुखसियरच्या आज्ञेने मारला गेला, हेही त्यांनी दिल्लीत असतानाच ऐकले. झीनतुन्निसा उतारवयात दिल्लीस होती. यमुनाकाठी तिने बांधविलेली झीनत-उल-मसाजिद ही मशीद आजही दर्यागंजात उभी आहे. १७२१ मध्ये ती वारली आणि तेथेच तिचे दफन झाले. दख्खनच्या तळावर ज्या दोघींचे आयुष्य एकमेकींत गुंतले होते, त्या वार्धक्यात पुन्हा एका शहरात होत्या.

सुटका अखेर दरबाराच्या भांडणातून आली. फर्रुखसियर आणि सय्यदबंधू यांचे वितुष्ट विकोपाला गेले, तेव्हा सय्यद हुसेनअलीने शंकराजी मल्हारामार्फत शाहूंशी १७१८ मध्ये करार केला. चौथाई आणि सरदेशमुखी यांच्या सनदांबरोबरच येसूबाई व परिवाराची मुक्तता हे त्यातील एक प्रमुख कलम होते. बाळाजी विश्वनाथ मराठी फौज घेऊन हुसेनअलीबरोबर दिल्लीस गेले. तरुण बाजीराव त्यांच्यासमवेत होते. २८ फेब्रुवारी १७१९ रोजी फर्रुखसियर पदच्युत झाला. त्या दिवशीच्या दंग्यात दिल्लीच्या रस्त्यांवर मराठ्यांची सुमारे दीड हजार माणसे पडली आणि परसोजींचे पुत्र संताजी भोसले त्यांत होते. मार्च महिन्यात सनदा हाती आल्या, येसूबाई मोकळ्या झाल्या आणि जुलैच्या प्रारंभी सर्व मंडळी साताऱ्यास पोहोचली. मराठी साम्राज्यविस्ताराचा पाया म्हणून या सनदांची चर्चा विपुल झाली आहे. त्याच कागदांच्या बासनाबरोबर एक पालखीही दिल्लीहून आली होती, हे मात्र ओझरते सांगितले जाते. सात वर्षांच्या मुलास घेऊन ज्या रायगडावरून उतरल्या, त्या साताऱ्यास आल्या तेव्हा पुत्र सदतीस वर्षांचा छत्रपती झालेला होता. भेट झाली तीही बारा वर्षांच्या ताटातुटीनंतर.

परतल्यानंतरचे येसूबाईंचे आयुष्य शांतपणे साताऱ्यास गेले. घराण्यातील दुफळी त्यांनी डोळ्यांनी पाहिली. राजारामांना बाहेर काढण्याच्या ज्या सल्ल्याने राज्य वाचले, त्याच सल्ल्यातून सातारा आणि कोल्हापूर अशा दोन गाद्यांचा वाद उभा राहिला होता. त्या सल्ल्यास यासाठी दोष देणे न्यायाचे नाही. १६८९ च्या वसंतात दुसरा मार्ग नव्हता. परंतु त्याचे दोन्ही परिणाम पाहण्याइतके आयुष्य त्यांना लाभले.

या चरित्राचा अभ्यास करताना साहित्याच्या इतिहासातील एक विषमता जाणवते. बाबराची कन्या गुलबदन बेगम हिने ‘हुमायूननामा’ लिहिला आणि मोगल स्त्रीजीवनाचे आतून पाहिलेले चित्र फारसी भाषेस दिले. येसूबाईंजवळ सांगण्यासारखे त्याहून कमी नव्हते. परक्या परिवाराच्या अंतरंगात तीस वर्षे राहिलेली, दोन भाषांच्या आणि दोन धर्मांच्या सीमेवर रोज उठणारी-बसणारी दुसरी मराठी राणी झाली नाही. पण मराठी गद्यात तेव्हा आत्मवृत्ताची वाट पडलेली नव्हती. पत्र, महजर, करीना आणि बखर हेच प्रकार रूढ होते आणि त्यांत स्त्रीचा दिवस मावत नव्हता. म्हणून त्यांचे चरित्र दुसऱ्यांच्या कागदांतून जुळवावे लागते : बादशहाच्या इतिहासकाराने केलेल्या एका नोंदीतून, मुलाच्या जेवणाविषयीच्या एका अखबारातून, कर्जाविषयीच्या एका पत्रातून आणि तहाच्या एका कलमातून.

या चार कागदांतून जे चित्र उभे राहते ते त्यागमूर्तीच्या ठरावीक प्रतिमेहून वेगळे आहे. गुलालबारात राहून चूल निराळी ठेवणारी, कर्ज काढून परिवार पोसणारी, वैऱ्याच्या मुलीची माया पुत्रासाठी स्वीकारणारी आणि त्या मायेच्या मर्यादा ओळखणारी, पहाऱ्याबाहेर पत्रे पोहोचविणारी ही स्त्री तीस वर्षे राज्यच चालवीत होती. त्या राज्याचा विस्तार काही डेऱ्यांपुरता होता आणि त्यातील मुख्य प्रजाजन तिचा पुत्र होता. शाहूंच्या पुढील कारकिर्दीत परधर्मीयांविषयी जी सहिष्णुता आणि वैऱ्यालाही क्षमा करण्याची जी वृत्ती इतिहासकारांना आढळली, तिचे शिक्षण याच छोट्या राज्यात झाले.